भेटूमामाची सीडी

मी खुटबावची. माहेर खुटबाव, सासर हे न्हावरं, आन् मधली निम्मी उमर मेंढरांमागं रस्त्यानं गेली, घोड्यावर बिऱ्हाड आन् काखंत पोर. जल्माचं साल इचारू नका ताई, ते आमच्या आईलाबी ठावं नव्हतं. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली लगीन झालं एवढं मला ठावं हाय, पुढचा हिशेब तुम्ही करा, तुम्ही शिकल्याल्या हाय. नाव कोंडाबाई. मालकाचं नाव मी घ्यायची न्हाई, उखाण्यात घेतलं तेवढंच, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीबी तुमच्याम्होरं आप्पाच म्हणते. तुम्ही त्या सीडीचं इचारायला आलाय, दत्तूनं मला सांगितलंय. पर सीडीचं असं एकदम सांगता यायचं न्हाई. आधी आप्पा कसा माणूस हुता ते ऐका, न्हाईतर तुम्हीबी हसाल आन् उठून जाल.

तवा आमच्याकडं मेंढरं हुती. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, तिकडं भात निघाल्यालं असायचं, त्या खाचरात मेंढरं बसवायची, शेतवाला त्या बदल्यात भात द्यायचा, आन् पावसाच्या आधी परत वर. एका साली तिकडं माझी सासू पडली. ताप हुता, का आणखी काय हुतं, कुणाला ठावं, दवाखाना कुठं आन् आम्ही कुठं. आप्पाला आईपाशी बसता येईना, मेंढरं सोडली तर ती दुसऱ्याच्या रानात शिरणार, आन् मला दत्तूचे दिवस गेल्यालं, पाणी लांबनं आणायचं, सासू एकलीच पालात पडून असायची. तिचं एकच चालायचं, आरं कुणी आलं का, भावकीतलं कुणी आलं का. कोण येणार, भावकी सगळी आपापली मेंढरं घिऊन पांगल्याली. खायाची न्हाई, तोंडच उघडायची न्हाई. तवा त्या शेतवाल्याची बायकू आली, तिची बोली आम्हाला धड कळायची न्हाई, ती ताटलीत मऊ भात घिऊन आली आन् सासूपाशी खाली मांडी घालून बसली. सासूनं तोंड फिरवलं, परक्या मुलखातलं अन्न, काय असंल काय नसंल. तर त्या बाईनं पयला घास आपल्या तोंडात घातला, सासूला दाखवून गिळला, आन् मंग दुसरा तिच्या तोंडाला लावला. आन् ताई, सासूनं खाल्ला हो. कितीक दिवसांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, पर पोटात घास घिऊन गेली. आप्पा मला म्हणले, बघ कोंडे, औषध नव्हतं, काय नव्हतं, नुस्तं कुणीतरी येऊन बसलं तर आईनं घास गिळला.

तवापासनं त्या माणसाला येड लागलं म्हणा. पुढं मेंढरं इकली, कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला, कांदा झाला, म्हशी आल्या, आम्ही बूड टेकलं, पर आप्पाचं बूड काय टेकंना. कुठं कोण पडलंय असं कानावर आलं की निघाले. कासुर्डीला कुणाचा चुलता, चौफुल्याला कुणाची सून, नात्यातलं असंल नसंल. टोपी झटकायची, ग्लुकोज बिस्किटाचा पुडा घ्यायचा आन् यष्टी धरायची, यष्टी न्हाई गावली तर वडाप, वडाप न्हाई गावलं तर दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मधी उभं ऱ्हायाचं. आन् तिथं जाऊन करायचं काय, तर हसवायचं. खाटंवर पायथ्याला बसायचं, पाय चेपायचे, आन् नकला करायच्या. सरपंचाची नकल, कंडक्टरची नकल, माझीबी करायचे, मी कोंबड्यांना शिव्या कशी देते त्याची, मला ती लोकांच्या तोंडनं कळायची. मंग जेवणाचं ताट आलं की त्या आजारी माणसाच्या ताटातला पयला घास आपण घ्यायचा, काय न्हाई हुत रं, असं म्हणायचं, आन् दुसरा घास त्याच्या तोंडात. आप्पा गेलेत आन् माणूस उपाशी ऱ्हायलंय असं कवा झालं न्हाई. लोकं निरोप धाडायची, म्हाताऱ्यानं अन्न सोडलंय, आप्पाला लावून द्या.

आन् मी? मला एकदा मुदतीचा ताप आला, अंगावरची गोधडी उचलायची ताकद ऱ्हायली नव्हती, शेजारणी पाणी पाजून जायच्या. तवा आप्पा कासुर्डीला कुणाच्या तरी सासूपाशी बसल्यालं. घरी आले तवा मी म्हणलं, आवं, घरच्या माणसानं कुठली यष्टी धरून यायचं तुमच्यापाशी? तर हसले, म्हणले, तू कसली आजारी पडतीस, तू वाघीण हाईस. वाघीण! असं म्हणलं की बाईनं उठून भाकरी थापायला लागायचं. मीबी थापल्या. काय सांगू तुम्हाला, राग लई यायचा, पर रागावून बसायला माणूस घरात तर पायजे.

दत्तू माझा एकुलता. शाळंत काय डोकं चाललं न्हाई त्याचं, पर त्या कॅमेऱ्याचं येड. शिरूरला एका फोटोवाल्याकडं हरकाम्या ऱ्हायला, तिथं शिकला, आन् मंग लग्नाच्या शूटिंगा घ्यायला लागला. तवा त्या मोठ्या कॅसेटी हुत्या, वहीएवढ्या. नवरा-नवरी फुलात दिसायची, बदामात दिसायची, एकदा तर चंद्रावर बसवली हुती, नवरीचा बाप एवढा खुश झाला की आम्हाला आंब्याची पेटी धाडली. मंग बारक्या कॅसेटी आल्या, मंग सीड्या आल्या. त्याच्या हाताखालनं ह्या दोन तालुक्यातली कितीक लग्नं गेली असतील, पर आप्पा म्हणाल तर एकाबी शूटिंगात न्हाई. जेवणावळ उठली की हे गायब, त्या गावात कोण पडलंय का ते बघायला. दत्तू वैतागायचा, म्हणायचा, आई, गावाचं शूटिंग हाय माझ्याकडं, माझ्याच बापाचं न्हाई.

आन् मंग ते साल आलं, पुण्यात तो स्वाइन फ्लू आला ते. तुम्ही तर पुण्याच्याच, तुम्हाला काय सांगायचं. शाळा बंद, लोकं तोंडाला फडकी बांधून फिरत्यात, टीव्हीवर दिवसभर तेच. इकडं दवाखान्याची जीप यायची, वर भोंगा, हात धुवा, गर्दी करू नका, आजारी माणसाला भेटायला जाऊ नका, आन् ती जीप बघायलाच गर्दी व्हायची. ऐकत कोण न्हाई. आमच्याकडं कुणी पडलं की जीप भरून पाव्हणं येणार, खाटंभवती बसणार, एकाच तांब्यातनं पाणी पिणार, आजाऱ्याच्या तोंडावर तोंड घालून इचारणार, वळखलं का मला? त्याला ताप असतोय आन् ही वळख इचारत्यात. आता हसू येतंय, तवा त्यालाच माया म्हणायचे, आन् माया हुतीच की.

दवाखान्यात एक डागदरीणबाई हुत्या, नवीन, तरण्या, हुशार. त्या दत्तूला म्हणल्या, भोंग्याचं कुणी ऐकत न्हाई, तुम्ही लोकं हसतील असं काहीतरी शूटिंग करून द्या, हसता हसता डोक्यात जाईल. दत्तू म्हणला, हसवणारा माणूस तर माझ्या घरातच हाय. आन् बाईंनी आप्पाला बोलिवलं, खुर्ची दिली, म्हणल्या, आप्पा, तुम्ही स्वतःच व्हायचं, जसं भेटायला जाता तसंच करायचं, फक्त मधी मधी शिंकायचं. आप्पांना कुणी खुर्ची दिली की ते न्हाई म्हणायचे न्हाईत. आन् खरं सांगू का, त्यांना ते पटलंबी हुतं. घरी येऊन म्हणले, कोंडे, बाई म्हणती ते खोटं न्हाई, मी एका घरचं दुसऱ्या घरी नेत असणार, ह्या एवढ्या पावसाळ्यात तरी मी बसतो घरी.

तर असा तो भेटूमामा झाला. नाव दत्तूनंच काढलं. आता आजारी कोण व्हायचं? गावातल्या सगळ्या बायांना इचारलं, एकबी तयार होईना, खोटं आजारी पडलं तर खरं पडायचं म्हणत्यात. शेवटी दत्तू मला म्हणला, आई, तू पड. मी म्हणलं, मुडद्या, तो एक ताप सोडला तर जल्मात कवा दिवसा आडवी झाले न्हाई मी, आन् आता गावाम्होरं पडू व्हय? पर पडले. अंगणात लिंबाखाली खाट टाकली, माझ्यावर घोंगडं घातलं, कपाळाला फडकं, भोवतीनं अर्धं गाव बघाय उभं. आप्पा आले, टोपी झटकली, हातावर शिंकले, त्याच हातानं सगळ्यांचे हात हातात घेतले, पोराचं नाक धोतरानं पुसलं, त्याच धोतरानं पेला पुसला, त्यातनंच चहा प्याले, लोकं पोट धरून हसत्यात. मंग माझ्यापाशी बसले. ताट आणलं, त्यातली भाकरी मीच केल्याली, मंग जाऊन आजारी पडल्याली. आप्पांनी पयला घास आपण घेतला, काय न्हाई हुत रं, असं म्हणले, आन् दुसरा घास माझ्या तोंडात घातला. आन् घालताना कॅमेऱ्याकडं पाठ केली आन् हळूच कायतरी मला म्हणले. दत्तू लगेच वरडला, आप्पा, ठरल्यालं सोडून बोलू नका, तोंड हिकडं करा! काय म्हणले ते सांगते मंग.

पुढं त्या गोष्टीत काय, भेटूमामा जिथं जिथं जातो तिथं तिथं माणूस पडतंय, करता करता सगळं गाव खाटंवर, आन् शेवटी मामाच खाटंवर. मामा पडून हाका मारतोय, आरं कुणी भेटायला येतंय का, आरं कुणी येतंय का रं. आन् कोण येणार, सगळीच पडल्याली. लोकं त्याच जाग्याला सगळ्यात जास्ती हसायची. मंग डागदरीणबाई तोंडाला फडकं बांधून येत्यात आन् सांगत्यात, असं शिंका, असं हात धुवा, आजाऱ्याची चौकशी दारातनं करा.

पयल्यांदा देवळापाशी पडदा बांधून दाखवला, तर एवढी माणसं जमली की बाईच घाबरल्या, म्हणल्या, गर्दी करू नका सांगायला मीच गर्दी केली. मंग केबलवाल्यानं लावला, सीड्या काढल्या, डेअरीत, सलूनात, चहाच्या टपरीवर, तिकडं दौंड तालुक्यात खुटबावपातूर गेल्या. आन् फरक पडला, ते मी झाकणार न्हाई. शेजारची पोरगी बाळंतपणाला आली हुती, तिच्या घरी पुण्याचा कुणी पाव्हणा खोकत आला, तर पोरीच्या आईनं हसत हसत त्याला दारातच थांबवलं, म्हणली, भेटूमामा, बाळ लांबनंच बघा. आन् चारदोन दिवसांनी कळलं की त्या पाव्हण्याला तोच आजार झाला, मोठ्या दवाखान्यात टाकलाय. ते बाळ आता आमच्या अंगणात खेळतंय ताई. मंग मी कशी म्हणू सीडी वाईट? मी म्हणायची न्हाई.

पर आजार गेला आन् हसू ऱ्हायलं.

आधी आधी आप्पांनाबी गोड वाटायचं. यष्टीत चढले की पोरं वरडायची, भेटूमामा, भेटूमामा, कंडक्टर हसून जागा करून द्यायचा. फुगून घरी यायचे. मंग पाऊस सरला, फडकी गेली, लोकं बाजाराला जायला लागली, लग्नं व्हायला लागली, सगळं हुतं तसं झालं. आप्पांनीबी टोपी झटकली, पुडा घेतला आन् निघाले. तर ज्या घरी जातील तिथं आधीच हसू. उंबऱ्यात पाय टाकला की सून पदर नाकाला लावणार, आला बाई भेटूमामा, आन् सगळं घर हसणार. पोरं खोटं खोटं शिंकणार. ताटापाशी बसू द्यायचं तर नावच नको. कुणी वाईट बोललं न्हाई, ते ध्यानात घ्या, वाईट बोललं असतं तर मी दारात जाऊन उभी ऱ्हायले असते, माझं तोंड सगळ्यांना ठावं हाय. पर हसणाऱ्याला काय बोलायचं? सगळी मायेनंच हसत हुती.

त्यात माझा भाऊ पडला. सोपानदादा, खुटबावचा, माझ्या पाठीवरचा न्हाई, थोरला. आप्पांचं आन् त्याचं असं जमायचं की मेव्हणं-पाव्हणं कोण म्हणणार न्हाई, सख्खं भाऊच. गोठ्यात पाय घसरला आन् खुब्याचं हाड मोडलं. हाड मोडल्यालं काय शिंकत न्हाई, हाड काय कुणाला लागत न्हाई. आप्पा गेले. दारात भाचसून, कडंवर तिचं लेकरू. पोरगी वाईट न्हाई हो, गुणाची हाय, पर तिनंबी सीडी बघितल्याली. हसली, पदर नाकाला लावला आन् म्हणली, मामा, तुम्ही आता ओट्यावरच बसायचं, तुम्हीच तर शिकिवलंय. आप्पाबी हसले. ओट्यावर बसले, चहा घेतला. आत टीव्ही मोठ्यानं चाललाय, दादाला ऐकू कमी, ह्यांना वाटलं तो झोपलाय. बिस्किटाचा पुडा तिच्या हातात दिला आन् आले परत.

मी गेले आठवड्यानं. दादा खाटंवर, गालफडं बसल्याली, ताट तसंच. मला म्हणतोय, कोंडे, पाव्हणं आलं न्हाईत व्हय गं? सगळी येऊन दारातनं बघून गेली, पाव्हणं कसं आलं न्हाईत? मी भाचसुनेकडं बघितलं, तिनं खाली मान घातली, पोरीच्या डोळ्यात पाणी. मी घरी आले तशी आप्पावर चढले, म्हणलं, उठा, टोपी घाला, आत्ता जावा, माझा भाऊ तुमची वाट बघतोय, त्यानं अन्न सोडलंय. तर आप्पा म्हणले, नगं गं. मी म्हणलं, का नगं? तर म्हणले, आधी मी हसवायचो, मंग हसायचे. आता मला बघूनच हसत्यात. तिथं बसून मी काय करू?

एवढा बोलका माणूस, आन् असं बोलला. मी रात्रंदिवस मागं लागले, शेवटी म्हणले, बरं, जातो, उद्या बाजार हाय, परवा जातो. परवाच्या आधीच खुटबावहून फोन आला. दादा गेला. आप्पा तवा गोठ्यात हुते, दत्तूनं सांगितलं, तर धारंची बादली तशीच धरून उभे ऱ्हायले. म्हशीनं बादलीत तोंड घातलं तरी हलले न्हाईत.

त्याच्यानंतर त्यांनी टोपी झटकली न्हाई. कुणी पडल्याचं कळलं की नुस्तं इचारायचे, जेवतंय का? मी म्हणायची, जाऊन बघा की. तर म्हशीकडं जायचे. डागदरीणबाईंची बदली झाली तवा त्या भेटाय आल्या, म्हणल्या, आप्पा, तुमच्यामुळं मोठं काम झालं. आप्पांनी हात जोडले. चांगल्या बाई, त्यांना ह्यातलं काय ठावं असणार, मी चहा करून दिला.

मंग त्यांचंच दुखणं निघालं. पोटात पाणी व्हायला लागलं. शिरूरला दाखवलं, दौंडला दाखवलं, पुण्याला नेलं, पुण्याच्या डागदरानं दत्तूला बाजूला घिऊन सांगितलं, घरी न्या, सेवा करा. आणलं. त्याच लिंबाखाली खाट टाकली, त्यांना घरात कोंडल्यावानी व्हायचं. समोरनं रस्ता. यष्टी थांबल्याचा आवाज आला की मान उचलायचे, कोण उतरलं गं? कुणी न्हाई, शाळंची पोरं हाईत. परत यष्टी, परत मान वर. ज्या माणसानं उमरभर यष्टी धरून दुनियेच्या खाटा धुंडाळल्या त्याच्या खाटंपाशी कुणी येईना. म्हंजी चौकशी व्हायची, दत्तूच्या मोबाईलवर लई फोन यायचे, कसं हाय आप्पाचं, काळजी घ्या. काही येऊन फाटकापाशी मोटारसायकल न बंद करता इचारून जायचे, आप्पा, बरं हाय का? लोकांना तशीच सवय लागली हुती, आन् सवय लावली कुणी? एकजण, दुधाच्या टेम्पोवाला, चांगला माणूस, फाटकातनंच वरडला, काय भेटूमामा, आज तुम्हीच खाटंवर व्हय! आन् हसला. आप्पाबी हसले त्याला. तो गेल्यावर लिंबाच्या बुंध्याकडं तोंड करून पडले.

एका दिवशी मी शेण काढत हुते, तर हाक आली, आरं कुणी भेटायला येतंय का, आरं कुणी येतंय का रं. सीडीतल्यासारखीच, तसाच सूर. मी पळत आले. म्हणले, घाबरू नगंस, गंमत केली. मला काय हसू आलं न्हाई.

जेवण तर सोडलंच हुतं. दत्तूनं हात जोडले, सुनेनं हात जोडले, तोंड मिटूनच. मी ताट घिऊन गेले, दूध-भाकरी कुस्करल्याली, आन् खाटंवर पायथ्याला बसले. ताई, आमच्यात बाईमाणूस नवऱ्याच्या आधी जेवत न्हाई, आन् त्याच्या खाटंवर चारचौघात बसत तर न्हाईच. मी बसले. त्यांच्या ताटातला पयला घास मी माझ्या तोंडात घातला, त्यांच्याम्होरं गिळला, आन् म्हणलं, काय न्हाई हुत रं. अरंतुरं केलं नवऱ्याला, जल्मात पयल्यांदा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आन् मंग खुदकन हसले, आन् तोंड उघडलं. दोन घास खाल्ले. तिसऱ्याला मान हलवली. म्हणले, माझी नकल करतीस व्हय. मी म्हणलं, तुम्ही माझी केली तशी. त्याच्यानंतर लई दिवस काढले न्हाईत त्यांनी.

दहाव्याला बघायला पायजे हुतं तुम्ही. टेम्पो काय, जीपा काय, घाटावर उभं ऱ्हायाला जागा न्हाई, कासुर्डीची, चौफुल्याची, कुठली कुठली माणसं. जो तो सांगतोय, आप्पांनी माझ्या बापाला घास भरवला, माझ्या आईला हसवलं. खुटबावची भाचसून माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणली, आत्या, मी त्या दिवशी आत घ्यायला पायजे हुतं. मी म्हणलं, गप पोरी, तुझ्या कडंवर लेकरू हुतं. आन् काय म्हणू तिला? ती चुकली न्हाई, बाई चुकल्या न्हाईत, दत्तू चुकला न्हाई. कुणाला शिवी द्यावी म्हणलं तर माणूस गावत न्हाई, मंग मी कोंबड्यांनाच देते.

आता त्यांचं हलतं-बोलतं चित्र म्हणाल तर तेवढीच ती सीडी. दुसऱ्या कुठल्याच शूटिंगात न्हाईत ना. म्हंजी मला माझा नवरा बघायचा तर भेटूमामाच बघाय लागतोय, ज्याला दारात थांबवा म्हणून सांगितलंय तोच. नातू लावतो, सगळी हसत्यात, मीबी तिथंच असते, खाटंवर, घोंगड्यात. आन् ती घासाची जागा आली की मी सगळ्यांना म्हणते, गप बसा जरा. आप्पा पाठ करत्यात, माझ्याकडं वाकत्यात, आन् बोलत्यात. पर ऐकू येत न्हाई, तिथं दत्तूनं गाणं टाकलंय. मी त्याला म्हणलं, बाबा, ते गाणं तेवढं काढ. तर म्हणला, आई, एकदा मिक्सिंग झालं की निघत न्हाई, मूळ कॅसेटला असंल. कॅसेट हुडकली, तर त्या कॅसेटवर त्यानं मागनं कुणाचं तरी लगीन घेतल्यालं. सगळी शूटिंगवाली तसंच करत्यात, कॅसेट परत वापरत्यात. रडला पोरगा. मी म्हणलं, असूंदे, ज्यांचं लगीन हाय ती सुखी ऱ्हाऊंदेत.

मला ठावं हाय की काय म्हणले ते. घास घातला, आन् हळूच म्हणले, कोंडे, सगळ्यांपाशी बसलो बघ, तुझ्यापाशी बसायचं ऱ्हाऊनच गेलं. आन् मी काय म्हणावं? मी म्हणलं, गप बसा, दत्तू वरडतोय. तेवढंच. घोंगड्यातनं हात काढून त्यांचा हात धरायचा, तर तेबी सुचलं न्हाई, गाव बघत हुतं ना.

चला, तुमची यष्टी यायची येळ झाली, पाचची गेली तर मंग चौफुल्यापातूर वडाप धुंडाळत बसाल. घरी आई-बाप हाईत न्हवं? पडले झडले तर तोंडाला फडकं बांधा, साबणानं हात धुवा, बाई म्हणायच्या ते सगळं करा, पर पाशी बसा. सुखी ऱ्हावा. आन् थांबा, चहा केलाय, तो घिऊनच जावा.